एका कोयत्याचा बॅले

चिपळूणला परत येऊन आठ दिवस झाले, तरी शेजारच्या काकू माझ्याशी नीट बोलत नाहीत. नगर जिल्ह्यात चार दिवस राहिले आणि शिर्डीला गेले नाही, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही. "अगं, हाकेच्या अंतरावर होतीस!" म्हणतात. होते की. "मग केलंस काय चार दिवस?" मी म्हटलं, "बॅले बघितला." काकूंनी उठून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तेव्हा काकूंसाठी, आणि गेले आठ दिवस ज्यांनी ज्यांनी मला वेड्यात काढलं त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी पोस्टात तेहतीस वर्षं काढली. समोरचा माणूस सांगतो त्यातलं निम्मंच खरं मानायची मला सवय लागलेली आहे. त्यामुळे माझ्यावरही निम्माच विश्वास ठेवलात तरी चालेल. तेवढाही पुरेल.

झालं असं, की माझी कॉलेजातली मैत्रीण वंदना, जी लग्न होऊन राहुरीला गेली आणि तिथल्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली, तिचा फोन आला. "सुमे, रविवारी माझा स्टेजवरचा पहिला कार्यक्रम आहे. बॅलेचा. ये."

"कुठे? मुंबईत?"

"छे. पुणतांब्याजवळ एका वस्तीवर. ऊसतोडीच्या टोळीसमोर."

"वंदे, तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस."

"म्हणून तर आत्ता बोलावते आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बोलावलं तर तुलाच यायला जमायचं नाही."

अशा बाईला काय उत्तर देणार? बॅग भरली.

केडगाव, शुक्रवार

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर होतं आणि कंडक्टरच्या तोंडात नगर. मी शहराच्या अलीकडेच, पुणे रस्त्यावर केडगावला उतरले, कारण वंदनाचा क्लास तिथे आहे. गॅरेजं, मंगल कार्यालयं, टायरची दुकानं आणि त्यांच्यामागे पत्र्याची एक लांबलचक शेड. पूर्वी ती कांद्याची वखार होती. पूर्वी म्हणजे केव्हा कोण जाणे, पण वास अजून तिथेच मुक्कामाला आहे. आत पाऊल टाकलं तर पियानोचं संगीत आणि कांद्याचा वास एकदमच अंगावर आले. मला हसू आवरेना.

हसू फार टिकलं नाही. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर नळाचा लोखंडी पाइप ठोकलेला होता आणि तो धरून पाच बायका ओळीने उभ्या होत्या. पन्नाशीच्या, साठीच्या. कुणाचे केस पांढरे, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. पायांत घरी शिवलेल्या कापडी सपाता. सगळ्यांच्या टाचा एकदम उचलल्या गेल्या, मग एकेक पाय मागे निघाला, वर, आणखी वर, आणि तिथेच थांबला. पाइपावरचे हात सुटले. पाचही जणी एका पायाच्या चवड्यावर उभ्या राहिल्या. त्यात आमची वंदना! हॉस्टेलमध्ये जिना चढायचा कंटाळा म्हणून खालच्या खोलीसाठी भांडलेली वंदना! माझ्या तोंडून "आई गं!" निघालं ते इतकं मोठ्याने, की संगीत बंद झालं.

"पाहुण्यांनी ओरडायचं असेल तर बाहेर रस्ता आहे," असा आवाज आला. ह्या शलोमी मॅडम. नगरच्याच ख्रिस्ती घरातल्या, वय सत्तेचाळीस, उंच, सडसडीत, आणि आवाज थेट पीटीच्या सरांचा. मुंबईत बरीच वर्षं एका बॅलेच्या पथकात नाचल्या, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या. आई गेली, ह्या राहिल्या. आधी लहान मुलींना शिकवायच्या. मुलींना सोडायला येणाऱ्या आया दारात उभ्या राहून बघायच्या, त्यांतल्याच काही आत आल्या. आता मुली सकाळी आणि आया संध्याकाळी.

पण मी ज्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे त्या सिंधूबाई कुणाची आई म्हणून आत आल्या नव्हत्या. त्या शेड झाडायला यायच्या. मूळच्या पाथर्डीकडच्या, तीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या, सहा वर्षांपूर्वी ते थांबवून दोघं केडगावला आले. नवरा भानुदास शेजारच्या गोदामावर राखणदार. एक दिवस मॅडमनी बघितलं, तर सिंधूबाई एका हाताने झाडू वर धरून जळमटं काढतायत, एका पायाच्या चवड्यावर, दुसरा पाय मागे हवेत, आणि अंग जरासुद्धा डुलत नाही. मॅडम मला म्हणाल्या, "मला तिथवर यायला सात वर्षं लागली होती. मी झाडू काढून घेतला आणि म्हटलं, आता तसंच उभं राहा."

सिंधूबाई बावन्न वर्षांच्या. लहानखुऱ्या, काटक, काळ्यासावळ्या. लुगडं कासोटा घालून नेसलेलं आणि वर नवऱ्याचा जुना शर्ट, कारण ऊस तोडताना पात्यांनी अंग कापू नये म्हणून बायका असाच शर्ट घालतात. मॅडमनी हाच वेश स्टेजवर ठेवायचं ठरवलं होतं.

रविवारच्या कार्यक्रमाच्या शेवटी नवरा-बायकोचं नृत्य होतं. होय, भानुदासभाऊसुद्धा! छप्पन वर्षांचे, रुंद खांद्यांचे, मिशा पांढऱ्या. बॅलेत बाईला उचलायला पुरुष लागतो आणि केडगावात दुसरा कुणी तयार होईना, म्हणून हे आले. बाकीचं नृत्य ते एखाद्याला सत्काराला उभं केल्यासारखं करतात. पण सिंधूबाई भोवती फिरताना ते तिच्याकडे असे बघत असतात, की ताठपणाचं काही वाटत नाही.

त्या संध्याकाळच्या तालमीत शेवटी सिंधूबाई तीन पावलं धावून आल्या, त्यांच्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले. त्यांनी कंबर धरली. आता उचलणार. काहीच झालं नाही. भानुदासभाऊ कंबर धरून तसेच उभे.

"भाऊ, काय झालं?" मॅडमनी संगीत थांबवलं.

"न्हाई जमत, म्याडम."

"वजन जास्त वाटतं का?"

"वजन कसलं वो हिचं." एवढं बोलून ते बाहेर निघून गेले आणि दारात पाठमोरे उभे राहिले.

मॅडम म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत उचलता आलं नाही, तर ते मी काढून टाकणार. जमिनीवरच संपवू. घाबरलेल्या माणसाच्या हातात मी कुणाला वर जाऊ देणार नाही." मला तर ते अगदी रास्त वाटलं.

"काडू नगा," सिंधूबाई म्हणाल्या. त्या खाली बसून सपातांचे बंद सोडत होत्या, मान वर न करता बोलत होत्या. "नऊ वर्सांची असल्यापून डोक्यावर वजन घ्येतलंय म्या. पानी, सरपन, मोळ्या, लेकरं. मला कुनी उचलल्यालं मला ठावं न्हाई. लग्नात मामानं उचलून आनली हुती म्हनत्यात, पर तवा मी झोपेत हुते. एकदाच उचला, म्याडम. मानसांदेखत. माज्या मानसांदेखत. मग न्हाई म्हननार."

मी तेहतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या. तक्रारीचा सूर कसा असतो ते मला कळतं. हा तो नव्हता.

राहुरी

रात्री वंदनाकडे हुलग्याचे शेंगोळे केले होते. आमच्या कोकणातला कुळीथ तो इकडे हुलगा. आम्ही त्याचं पिठलं करून भातावर ओततो आणि खोकल्याला बरं म्हणतो. इकडे त्याच पिठाची वेटोळी वळून लसणाच्या तिखट पाण्यात शिजवतात, वर तेलाची धार, बरोबर बाजरीची भाकरी आणि ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून, तिसऱ्याला मी ताट पुढे केलं. वंदनाचे यजमान विनायकराव म्हणाले, "वहिनी, भात टाकू का थोडा? कोकणातली माणसं भाताशिवाय झोपत नाहीत म्हणे." मी म्हटलं, "आज झोपले नाही तर ते शेंगोळ्यांमुळे नाही, सिंधूबाईंमुळे."

जेवणानंतर विनायकरावांनी तेलाची वाटी आणली आणि वंदनाचे पाय मांडीवर घेतले. रोजचंच असावं, कारण दोघंही बातम्या बघत होते. मी मात्र तिचे पाय बघत होते. अंगठ्यांवर घट्टे, एका बोटाचं नख गेलेलं. "दुखतं?" "दुखतं." "मग कशाला?" तर म्हणाली, "सुमे, मी चौतीस वर्षं बियाणं तपासलं. उगवेल की नाही एवढंच बघायचं. स्वतःचं कधी बघितलंच नव्हतं." आणि लगेच वर, "तू नको हं करून बघू."

म्हटल्यावर करणारच. सगळे झोपायच्या तयारीला लागल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलल्या, एक पाय मागे नेला आणि हात सोडला. पुढचं मला एवढंच आठवतं, की मी बाजरीच्या डब्याला मिठी मारून खाली बसले होते आणि दारात विनायकराव गंभीर चेहऱ्याने विचारत होते, "तेल आणू का?"

पुणतांबा, शनिवार

सकाळी थंडी अशी, की कोकणातल्या माणसाला रडू यावं. दोन स्वेटर घालून निघाले. राहुरी मागे टाकली आणि उसाचे फड सुरू झाले. आमच्याकडे कुठेही उभं राहा, समोर डोंगर नाहीतर माड आडवा येतो. आभाळ आपल्या वाट्याला तुकड्यातुकड्याने येतं. इथे ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळंच्या सगळं पसरलेलं. मला पहिल्यांदा जराशी भीतीच वाटली. मग मान वर करून बघतच राहिले, इतकी की वंदनाने खिडकी बंद करायला सांगितली.

पुणतांब्याच्या अलीकडे गोदावरीच्या काठावर एक वस्ती, वस्तीवर शाळा, शाळेला सिमेंटचा उघडा स्टेज. त्याच्यासमोरच्या माळावर टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या. सिंधूबाईंचे दीर-जाऊ ह्याच टोळीत आहेत. मॅडमना खरं तर नगरच्या सभागृहात कार्यक्रम करायचा होता. सिंधूबाई म्हणाल्या होत्या, तिथे माझं कोण आहे?

आम्ही पोचलो तेव्हा फडाच्या बांधावर ट्रक भरायचं चाललं होतं. मी ऊसतोड वर्तमानपत्रात वाचलेली. डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. ट्रकला एक अरुंद फळी तिरकी लावलेली. बायका-पुरुष डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढत होते, हात सोडून, एकामागे एक. फळी लवत होती. खाली कुणी बघत नव्हतं. त्यांत एक पोटुशी बाई होती. ती वर पोचेपर्यंत मी वंदनाचा दंड इतका घट्ट धरला, की संध्याकाळी तिथे वळ होते. काल वखारीत मला जे अचाट वाटलं होतं ते ही माणसं इथे दिवसभर करत होती, आणि कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

"घ्यायची का एक?" सिंधूबाईंच्या जावेने मला विचारलं. बायकांनी हसत हसत माझ्या डोक्यावर अर्धी मोळी ठेवली. चार पावलं मी मोठ्या डौलात टाकली. पाचव्याला सरीत बसले. "पोस्टातल्या बाई पोचल्या!" असा एकच हशा झाला, आणि मला उठवायला तिघी धावल्या.

मग सिंधूबाईंना राहवलं नाही. पदर खोचून त्या पुढे झाल्या, भानुदासभाऊंनी मोळी उचलली आणि त्यांच्या डोक्यावर दिली. दिली म्हणजे सोडली नाही. दोन्ही हात मोळीला तसेच. सिंधूबाईंनी मान जरा डावीकडे केली, मग सरळ केली, पाय रोवले आणि म्हणाल्या, "सोडा." तेव्हा हात निघाले. बाई फळीवरून वर गेल्या, सहा वर्षांची सुटी मध्ये गेलीच नव्हती अशा.

मी आपलं सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही नेहमी ह्यांच्या बोलण्याची वाट बघता?"

ते बांधावर बसले. "ताई, आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. सुटा मानूस अर्धा कोयता. एका साली ह्या अर्ध्या कोयत्यानं घाई क्येली. गाडी भरायची हुती, मुकादम वरडत हुता. ही म्हनायच्या आदीच म्या हात काडला. मोळी कलांडली. हिची मान मोडायची ती थोडक्यात ऱ्हायली. दोन म्हयनं कोपीत पडून हुती, कूस बदलता येत नव्हती. तवापून तिनं सोडा म्हनल्याबिगर म्या हात काडत न्हाई."

"मग काल उचलायला का भ्यालात?"

"उचलाया न्हाई भेत वो. सोडाया भेतो. मोळी असली की ही बोलती. आन् तितं वर ग्येल्यावर हिला बोलायची मनाई. मला कसं कळायचं?"

मी मॅडमकडे बघितलं. त्या मागेच उभ्या होत्या. क्लासात त्यांचा पहिला नियम, स्टेजवर तोंड उघडायचं नाही. सिंधूबाई नाचताना पुटपुटत आकडे मोजायच्या, तर त्यालाही ओरडा बसायचा. मॅडम पुढे येऊन बांधाजवळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा महिने मी तुम्हाला शिकवते आहे, भाऊ. हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुमी कवा इचारलं?"

वर्गात नेहमी दुसऱ्यांची मान खाली जाते. आज मॅडमची गेली. "उद्या बोला तुम्ही, सिंधूबाई. हळूच बोला. मला चालेल," त्या म्हणाल्या. पण ट्रकवरून उतरून आलेल्या सिंधूबाईंनाच ते चालेना. "बॅलेत कुनी बोलत न्हाई ना? मग म्या बी न्हाई बोलनार. करायचं तर नीट करायचं." त्यांनी तोडगा काढला. उतरायचं झालं की नवऱ्याच्या मनगटावर हात दाबायचा. दाबला की खाली.

तिथेच, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांमध्ये थोडी सपाट जागा बघून त्यांनी करून बघितलं. तीन पावलं, पाठ, गुडघे. आणि भानुदासभाऊंनी तिला वर नेलं. एका दमात, हात सरळ होईपर्यंत. शर्ट घातलेली ती बाई सगळ्या फडाच्या वर निघाली. क्षणभर, मग मनगट दाबलं आणि खाली. कोयते थांबले होते. मला एकदम उकडायला लागलं. मी दोन्ही स्वेटर काढले, एवढंच आठवतं.

पुणतांबा, रविवार

मुकादमाने गाडी भरून झाल्यावर दोन तास दिले होते, म्हणून कार्यक्रम चार वाजता, उघड्या उन्हात. मांडववाल्याने सिमेंटवर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या, विंगा म्हणून दोन्ही बाजूंना कापडाचे आडोसे बांधले आणि शोभा यावी म्हणून वर हिरवीगार चटई अंथरली. सरावाला पहिलं पाऊल टाकलं आणि वंदना थेट मुख्याध्यापकांच्या पायांशी घसरत गेली. ते बिचारे "आयुष्मान भव" म्हणून मोकळे झाले. चटई गुंडाळली. मग त्याच मुख्याध्यापकांनी शाल-नारळाचं ताट पुढे केलं. प्रमुख पाहुण्यांचे सत्कार आधी, ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "सर, आमची अंगं आत्ता तापलेली आहेत. सत्कार होईतो गार पडतील आणि कुणाचा तरी पाय मोडेल. नारळ नंतर." आमच्याकडे नमन-खेळ्यांत आधी सगळ्या देवांना गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुढे जात नाहीत, त्यामुळे मला मुख्याध्यापकांचीही बाजू पटत होती. पण पीटीच्या आवाजापुढे कुणाचं चालतं?

माणसं जमिनीवर बसली. फडातूनच आलेली, अंगावर शर्ट, डोक्याला फडकी. कमरेला अजून कोयते. मला काळजी ही, की हसले तर? वंदनाच्या जागी मीच घामाघूम झाले.

संगीत सुरू झालं आणि चौघी आल्या. वंदनाचे दोन्ही हात वर गेले, टाच उचलली, आणि गेली चाळीस वर्षं मी जिला ओळखते ती बाई तिथे नव्हतीच. कुणी वेगळीच होती, तिच्याहून उंच. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि समोरची माणसं हसली नाहीत. त्या बायकांचे डोळे सगळे पायांवर होते. अंग कुठे तोललंय, भार कुठल्या पायावर आहे, हे त्या बघत होत्या. मध्येच मॅडमही स्टेजवर येऊन एका पायावर फिरत गेल्या, तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "तोल हाय बया हिला." मुंबईत मॅडमचं कुणीकुणी कौतुक केलं असेल, पण एवढ्या माहितगार माणसांनी केलं नसेल.

मग चौघी बाजूला झाल्या आणि सिंधूबाई-भानुदास उरले. कुजबूज थांबली. आपलीच माणसं, आपलाच शर्ट. सिंधूबाई त्यांच्याभोवती फिरल्या, लांब गेल्या, थांबल्या. तीन पावलं धावत आल्या. पाठ. गुडघे. भानुदासभाऊंनी कंबर धरली.

आणि ती वर गेली. काल फडात गेली होती त्याहून वर. दोन्ही हात पसरलेले, मान ताठ, डोक्यावर काही नाही. समोरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

संगीत संपलं. आता मनगट दाबायचं आणि खाली यायचं. सिंधूबाई आल्या नाहीत.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हात पसरलेलेच. त्या कुठेतरी लांब बघत होत्या, आमच्या डोक्यांवरून. भानुदासभाऊ समोर बघत उभे. स्पीकर मुका. वाऱ्याने आडोशाचं कापड तेवढं वाजत होतं. भाऊंच्या मिशांतून घामाचा ओघळ उतरला. डावा गुडघा जरा हलला, त्यांनी पाय रोवला. विंगेत मॅडम पुढे सरकल्या आणि वंदनाने त्यांचा हात धरला. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, उतरवा तिला, संपलं! पण टोळीतला एकही माणूस तसं म्हणाला नाही. भाऊ कशाची वाट बघतायत हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या माळावर ते विसरलेली मीच एकटी होते, आणि मला तर त्यांनी ते कालच सांगितलं होतं.

शेवटी शेजारच्या म्हातारीलाच धीर धरवेना. ती ओरडली, "अगं, सोडा म्हन की गं माजे बाई! मानूस थकला!"

तेव्हा सिंधूबाईंनी खाली बघितलं. नवऱ्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं. मनगट दाबायचं ठरलं होतं ते दाबलंच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "सोडा."

त्यांनी तिला खाली ठेवलं. कशी ठेवली सांगू? तिची बोटं टेकली, मग चवडा, मग टाच, आणि तरी हात कमरेला होतेच. ती नीट उभी आहे हे बघितल्यावर ते निघाले. मग जो गलका झाला! कोयत्यांच्या मुठी जमिनीवर आपटत होत्या, बायका फडकी हवेत उडवत होत्या, आणि मॅडम, ज्यांच्या पहिल्याच नियमाची वाट लागली होती, त्या विंगेत उकिडव्या बसून ओक्साबोक्शी रडत होत्या.

नंतर चुलीपाशी भाकरी आणि शिपी आमटी, म्हणजे इकडची डाळीची झणझणीत आमटी, झाली, नारळही वाटला गेला. मी सिंधूबाईंना विचारलं, "मनगट का नाही दाबलंत?"

"वरून गंगा दिसली," त्या म्हणाल्या. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. "समदी दिसली, पार वळनापतूर. इतं तीस वर्सं ऊस तोडला, पर डोक्यावर मोळी आसल्यावर मान कुटं वर हुती? मग म्हनलं, वाईच थांबावं." आणि नवऱ्याकडे वळून, "जड झाले का वो?"

"न्हाई," ते म्हणाले.

"खोटं बोलू नगा. हात कापत हुते तुमचं."

मला राहवेना. मी भाऊंना म्हटलं, "अहो, पण ह्या बोलल्याच नसत्या तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पोस्टातल्या बाईंना एवढं साधं कसं कळत नाही. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाले, "तर धरून ऱ्हायलो असतो की."